प्रत्येक बॅचने नवी विहीर का खणायची?

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. दहावीपर्यंत मराठी म्हणजे माझ्यासाठी फक्त एक पेपर होता, आणि त्यातही ऱ्हस्व-दीर्घाने माझे मार्क हमखास जायचे. मी कॉलेजच्या मासिकात मराठी लेख लिहितेय हे कळलं तर शाळेतल्या माझ्या मराठीच्या बाई नक्की हसतील. पण हा विषयच असा आहे की इंग्रजीत लिहिला असता तर निम्मा हरवला असता. का, ते पुढे कळेलच.

सुरुवात करते होस्टेलच्या एका यादीपासून. मागच्या वर्षी माझ्या रूममेटची स्कॉलरशिप अडकली. फॉर्म वेळेवर भरलेला, मार्क चांगले, उत्पन्नाचा दाखला जोडलेला. मग अडलं कुठे? नावात! (खरं आडनाव देत नाही, सूर्यवंशी समजा.) एका यादीत आडनाव आधी आणि 'सू' दीर्घ. दुसऱ्या यादीत नाव आधी, आडनाव शेवटी आणि 'सु' ऱ्हस्व. तिसऱ्या कागदावर इंग्रजी स्पेलिंग, तेही डबल ओ घालून. कॉम्प्युटरच्या लेखी या तीन वेगवेगळ्या मुली होत्या. ऑफिसातल्या कोणाच्याही मनात काही वाईट नव्हतं. तिथले काका बिचारे दोन प्रिंटआउट शेजारी ठेवून, बोट फिरवत एकेक ओळ जुळवत होते. पण तीन महिने तिने मेसचे पैसे उसने घेऊन भरले. शेवटी गावी जाऊन 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे' असं प्रतिज्ञापत्र करून आणलं. तिच्या वडिलांचा एक दिवसाचा रोज बुडाला तो वेगळाच.

आणि हे सगळं कुठे घडलं? जिथे आम्ही चारशे जणं कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकतो त्या कॉलेजात! मला खरंच लाज वाटली.

या दुखण्याला पुस्तकात भारी नाव आहे: डेटा इंटिग्रेशन. वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या कामासाठी केलेल्या याद्या एकत्र आणणं. त्यातलाच एक भाग म्हणजे स्कीमा मॅपिंग. एका यादीत 'पूर्ण नाव' असा एकच कॉलम आहे. दुसरीत 'आडनाव', 'नाव', 'वडिलांचे नाव' असे तीन आहेत. एकीकडे 'मोबाइल', दुसरीकडे 'संपर्क क्र.'. कोणता कॉलम कोणाचा भाऊ हे ओळखणं म्हणजे मॅचिंग, आणि एकाचं दुसऱ्यात रूपांतर कसं करायचं हे लिहून ठेवणं म्हणजे मॅपिंग. हा काही कालचा प्रश्न नाही. एर्हार्ड राम आणि फिलिप बर्नस्टीन यांनी २००१ सालीच स्कीमा मॅचिंगच्या सगळ्या पद्धतींचा आढावा घेणारा मोठा पेपर लिहिला होता. म्हणजे मी जन्मायच्याही आधी!

आता आमच्या पराक्रमाकडे वळू. सेकंड इयरला मिनी प्रोजेक्ट होता. आम्ही चौघींनी ठरवलं, आपणच एक सिस्टिम बनवू, कसलीही यादी कशालाही जोडून देणारी. दोन महिने खपलो. त्यातला दीड महिना लॉगिन पेज, डॅशबोर्ड आणि लोगो यात गेला. उरलेल्या पंधरा दिवसांत जो काही कोड लिहिला तो आमच्याच तीन सीएसव्ही फाइल्सवर चालायचा, चौथी दिली की झोपायचा. रिपोर्टमध्ये मात्र 'एक्झिस्टिंग सिस्टिमचे तोटे' आणि 'प्रपोज्ड सिस्टिमचे फायदे' झोकात लिहिले. ती एक्झिस्टिंग सिस्टिम आम्ही कधी उघडूनही पाहिली नव्हती, हे आज कबूल करते. मार्क चांगले मिळाले. प्रोजेक्टची सीडी कपाटात गेली. (ती वाचायला ड्राइव्ह असलेला लॅपटॉप होस्टेलमध्ये सापडला तर मला सांगा.) पुढे एकीचा लॅपटॉप फॉरमॅट झाला आणि कोड कायमचा गेला. सीनियर्सना विचारलं तर त्यांनीही साधारण हेच बनवलं होतं, आणि त्यांच्या सीनियर्सनीही. म्हणजे प्रत्येक बॅच नवी विहीर खणते, दहा फुटांवर दमते, फोटो काढते आणि निघून जाते. पाणी कोणालाच लागत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. ज्या विहिरीला आधीच पाणी आहे तिथे जाऊ, आणि आपल्या गावापर्यंत पाट काढू.

अशा एका विहिरीचं नाव ओपनरिफाइन. अस्ताव्यस्त याद्या साफ करायचं आणि जुळवायचं हे सॉफ्टवेअर आहे. त्याची गोष्ट गमतीशीर आहे. २०१० मध्ये मेटावेब नावाच्या कंपनीने ते 'फ्रीबेस ग्रिडवर्क्स' या नावाने काढलं. कंपनीचा मुख्य माल होता फ्रीबेस, म्हणजे जगभरच्या माहितीचा एक प्रचंड साठा. ग्रिडवर्क्स हे त्यात डेटा भरण्याआधी तो धुऊन घ्यायचं अवजार. त्याच वर्षी गूगलने मेटावेब विकत घेतली आणि अवजाराचं नाव गूगल रिफाइन झालं. २०१२ मध्ये गूगलने त्यातून अंग काढून घेतलं आणि ते वापरणाऱ्यांच्या हाती आलं. तेव्हापासून ओपनरिफाइन. आणि फ्रीबेस? ते २०१६ मध्ये बंद झालं. वाडा पडला, पण वाड्यातला पाटा-वरवंटा शेजाऱ्यांनी उचलून नेला, आणि त्यावर अजून वाटण होतंय! कारण एकच, त्याचा सोर्स कोड खुला होता. बीएसडी लायसन्स असल्यामुळे कोणीही घ्यावं, बदलावं, वाटावं.

आता हे चालतं कसं ते थोडक्यात. ते तुमच्याच मशीनवर चालतं, ब्राउझर फक्त तोंड आहे. यादी उघडली की एका कॉलमवर 'क्लस्टर' म्हणायचं. मग प्रत्येक नावाची ते एक किल्ली बनवतं. मोठी-लहान लिपी सारखी करतं, स्वल्पविराम-टिंबं काढतं, शब्द सुटे करतं, ते क्रमाने लावतं आणि पुन्हा जोडतं. ज्यांची किल्ली एक, ते बहुधा एकच. त्यामुळे आडनाव आधी की नंतर हे भांडण चुटकीसरशी मिटतं, मराठीतसुद्धा. शिवाय तुम्ही केलेली प्रत्येक पायरी ते लिहून ठेवतं. ती यादी जेसनमध्ये बाहेर काढायची आणि पुढच्या वर्षीच्या फाइलला लावायची. आईची रेसिपीची वही असते ना, तसंच. काका बदलले, बॅच बदलली, तरी कृती तीच.

मग अडतं कुठे? 'सू' आणि 'सु' वर! उच्चारावरून नावं जुळवण्याच्या ज्या पद्धती त्यात आहेत, त्या इंग्रजी उच्चारांसाठी आहेत, जर्मनसाठी आहेत. आपल्या देवनागरीची काळजी त्यांनी का करावी? ती आपण करायची. आणि इथेच एक्स्टेंशनचा मुद्दा येतो. किल्ली बनवणारा भाग म्हणजे जावातला एक छोटासा क्लास असतो. आत नाव जातं, बाहेर किल्ली येते. तो आपला आपण लिहून, एक्स्टेंशन म्हणून जोडता येतो. जावा नको असेल तर एका कॉलमवर जायथनमध्ये चार ओळी लिहूनही प्रयोग करता येतो. अख्खं सॉफ्टवेअर लिहायची गरज नाही. लॉगिन पेज तर नाहीच नाही!

या वर्षी आम्ही तेच केलं. जेमतेम दीडशे ओळींचा कोड. पण त्या दीडशे ओळींनी मला जेवढं मराठी शिकवलं, तेवढं दहा वर्षांत शिकले नव्हते. उदाहरण देते. 'कऱ्हाड' मधला तो अर्धा ऱ. तो टाइप करायच्या दोन तऱ्हा आहेत. एकात नुक्त्याचा ऱ वेगळं अक्षर म्हणून येतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह असतं, झिरो विड्थ जॉइनर. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे, आत मात्र वेगळे कोड. म्हणजे एकाच गावच्या दोन मुली दोन गावच्या ठरतात. मी हुशारी केली. म्हटलं, न दिसणारी चिन्हं सगळी उडवून टाकू आणि नुक्तेही काढून टाकू, झंझट नको. टेस्ट पास झाल्या. मी खूश. तर साताऱ्याकडची एक ज्युनिअर, मराठी मीडियमची, मागून स्क्रीनकडे बघत म्हणाली, "अगं ताई, दऱ्या आणि दर्या एकच कसे होतील? एक डोंगरातल्या, एक समुद्र!" मी गप्प. ते जोडचिन्ह उडवायच्या आधी त्याचं ऱ मध्ये रूपांतर करायचं, आणि ऱ च्या नुक्त्याला हात लावायचा नाही, हे कुठल्याही टेक्स्टबुकात नव्हतं. ते तिच्या कानात होतं. आणि 'कऱ्हाड' आणि 'कराड' हे एकच गाव आहे हे तर कुठल्याच नियमाने कळत नाही. त्यासाठी माहीतगार माणसाने बसून यादी करावी लागते.

दुसरा धडा 'बु.' आणि 'खु.' चा. शहरात वाढल्यामुळे मला वाटलं, 'श्री.', 'कु.', 'सौ.' सारखंच काहीतरी असेल, काढून टाकावं. नशीब की विचारलं! आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द ही दोन वेगळी गावं आहेत. एका अक्षराचा फरक बघून मशीनने ती एक केली असती, तर एका गावची माणसं दुसऱ्या गावच्या खात्यात गेली असती. म्हणून माझं ठाम मत आहे की मशीनने फक्त सुचवावं, 'होय' माणसाने म्हणावं. ओपनरिफाइन नेमकं तेच करतं. गट समोर मांडतं आणि विचारतं, यांना एक करू का?

तिसरा धडा तर नावाचाही नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे ३५ जिल्हे आहेत. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला आणि ३६ झाले. आता जुन्या यादीतला 'ठाणे' आणि नव्या यादीतला 'ठाणे', स्पेलिंग अक्षरशः एक, पण अर्थ वेगळा! तालुक्यापर्यंत खाली उतरून वसई, डहाणू, जव्हार, मोखाडा असे आठ तालुके बाजूला काढले, तरच तुलना खरी. उलट २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. तिथे नाव वेगळं, जागा तीच. म्हणूनच नावाऐवजी कोडने जोडणं शहाणपणाचं. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाची 'लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी' आहे, त्यात जिल्हा, तालुका, गाव सगळ्यांना कोड आहेत. ओपनरिफाइनला बाहेरची एखादी सेवा जोडता येते. आपण नाव पाठवायचं, तिने संभाव्य उत्तरं आणि प्रत्येकाचे मार्क परत पाठवायचे. विकिडेटासाठी अशी सेवा आहेच. मराठी गावाचं नाव दिलं की सरकारी कोड सुचवणारी सेवा कोणी बनवली, तर तो अख्ख्या महाराष्ट्राच्या कामाचा प्रोजेक्ट होईल. पुढच्या बॅचला हा विषय फुकट देऊन टाकला!

आता तुमचे आक्षेप. मला माहिती आहेत, कारण ते मला मेसमध्ये रोज ऐकवले जातात.

पहिला: "दुसऱ्याच्या कोडमध्ये ठिगळ लावून काय शिकणार?" अरे बाबांनो, नोकरीत पहिल्या दिवशी कोरी फाइल कोण देणार आहे? तिथे दुसऱ्यांनी लिहिलेला डोंगर समोर असतो, आणि त्यात नेमकी कुठे सुरुंगाची जागा आहे हे शोधायचं असतं. मी पहिले तीन आठवडे नुसता कोड वाचला. एक ओळही लिहिली नाही. तेच सगळ्यात अवघड होतं.

दुसरा: "एआयला विचार ना, तो करून देतो." कॉलम जुळवायला तो छान सुचवतो, हे खरं आहे. मीही वापरते. पण होस्टेलच्या मुलींची नावं, पत्ते, जन्मतारखा, उत्पन्न हे सगळं उचलून कुठल्यातरी ऑनलाइन सेवेत पेस्ट करायचं? मला नाही पटत. आम्ही रेक्टर मॅडमची रीतसर परवानगी घेतली आणि इंटरनेट बंद करून, त्यांच्याच मशीनवर काम केलं. शिवाय दोन नावं का जोडली असं उद्या कोणी विचारलं तर दाखवायला पायऱ्यांची यादी हवी. "त्याला तसं वाटलं" हे उत्तर स्कॉलरशिप अडकलेल्या मुलीला देता येत नाही.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: "ओपन सोर्सचा भरवसा काय? उद्या बंद पडलं तर?" पडतं. टॅलेंड ओपन स्टुडिओ हे २००६ पासून चाललेलं, डेटा इंटिग्रेशनमधलं मोठं नाव. २०२३ मध्ये कंपनी क्लिकने विकत घेतली आणि ३१ जानेवारी २०२४ ला ती फुकट आवृत्ती थांबवली. ज्यांनी सगळी मॅपिंग त्यात केली होती त्यांनी काय केलं असेल, विचार करा. पण दुसरं उदाहरणही बघा. मॅट कास्टर्स यांचं केटल २००५ मध्ये खुलं झालं, पुढे पेंटाहोकडे गेलं, २०१५ मध्ये पेंटाहोच हिताचीकडे गेली. २०१९ मध्ये त्याच कोडवरून काही मंडळींनी नवी फांदी काढली. ती अपाचे फाउंडेशनमध्ये गेली आणि आज अपाचे हॉप म्हणून जोरात आहे. या दोन गोष्टींतून मी एवढंच शिकले की खुलं सॉफ्टवेअर म्हणजे म्युनिसिपालिटीचा नळ नव्हे, की आपण फक्त बादली लावायची. ज्या विहिरीचा गाळ गावाने उपसला तीच टिकते. नुसतं डाउनलोड करणारे लाखो असून उपयोग नाही. बग लिहून कळवणारा, टेस्ट जोडणारा, मेनूचं मराठी भाषांतर करणारा एकेक जण लागतो. (ओपनरिफाइनचं भाषांतर वेबलेटवर होतं, तिथे कोडिंग लागत नाही. फर्स्ट इयरवाल्यांनो, ऐकताय ना?)

आता सर आणि मॅडमना थोडं, लहान तोंडी मोठा घास. प्रोजेक्टच्या मार्कांत 'नावीन्य' या रकान्याला भाव आहे, आणि नावीन्य म्हणजे नवं नाव, नवा लोगो असं आम्ही धरून चालतो. आमचा एक्स्टेंशनचा विषय सांगितल्यावर पहिला प्रश्न आला, "यात तुमचं काय?" प्रश्न चुकीचा नव्हता, पण त्याचं उत्तर मोजायला फॉर्मवर जागा नव्हती. ती जागा करावी एवढीच विनंती. मूळ मंडळींनी आमचा कोड स्वीकारलाच पाहिजे अशी अट नको, ते आमच्या हातात नाही. पण किती वाचलं, काय टेस्ट केलं, कोणाशी काय चर्चा झाली, मागच्या बॅचचं काम कितपत पुढे नेलं, हे मोजता येईल. आणि सीडीऐवजी डिपार्टमेंटची एकच रिपॉझिटरी असू द्या. सीनियर गेले तरी विहीर इथेच राहील.

आमच्या कामाचं फार कौतुक करू नका. ते अर्धवट आहे. इंग्रजी आणि मराठी स्पेलिंगची जुळणी आम्हाला नीट जमलेली नाही. तिथे पी.आर.एन. आणि जन्मतारीख बघून हाताने जोडलं. तरी होस्टेलच्या दोन मराठी याद्या एका दुपारी जुळल्या. अकरा नावांवर आम्ही अडलो, तेव्हा काकांना बोलावलं. त्यांनी चष्मा वर करून अकराच्या अकरा पटापट सांगितली. "ही ती नाही हो, ही हिची चुलत बहीण!" म्हणजे आम्ही कोडमध्ये जे शोधत होतो ते त्यांच्या डोक्यात होतं. आता त्यांना साडेसहाशे ओळींवर बोट फिरवावं लागणार नाही, फक्त अकरांवर. मला वाटतं, सॉफ्टवेअरने एवढंच करावं.

माझी रूममेट त्या दुपारी शेजारीच बसली होती. तिच्या दोन ओळींची किल्ली एक आली आणि स्क्रीनवर प्रश्न आला, यांना एक करू का? मी माउस तिच्याकडे सरकवला. तिने क्लिक केलं आणि म्हणाली, "एवढंच होतं? मग आधी का नाही केलंत?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तुमच्याकडे असेल तर सांगा. नसेल तर नव्या सेमिस्टरला, नव्या विहिरीसाठी कुदळ उचलण्याआधी, आधी जवळपास पाणी कुठे आहे ते बघा. शाळेतल्या बाईंना माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडतीलच. पण बाई, आता त्या का महत्त्वाच्या असतात ते मला कळलंय!

— तृतीय वर्ष, कॉम्प्युटर, लेडीज होस्टेल